विश्लेषण : २० लाखांत मिळालेला कर्णधार, लिलावात ‘स्वस्त’ खेळाडू सापडतात कसे?

१८ डिसेंबर २०१८ रोजी जयपूरमध्ये आयपीएलचा लिलाव झाला. त्या दिवशी ६० खेळाडू विकले गेले. चेन्नई सुपर किंग्जने त्यांतले फक्त दोन घेतले. वेगवान गोलंदाज मोहित शर्मासाठी त्यांनी ५ कोटी रुपये मोजले. दुसरा होता पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या सांगवीचा २१ वर्षांचा ऋतुराज गायकवाड. त्याची मूळ किंमत होती २० लाख आणि तो गेलाही २० लाखांतच. म्हणजे चेन्नईने हात वर केल्यानंतर बाकीच्या सात संघांपैकी एकालाही तो एक पायरी जास्त देऊन घ्यावासा वाटला नाही.

जवळपास सात वर्षांनी, १६ डिसेंबर २०२५ रोजी अबू धाबीतल्या लिलावात याच चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन तरुणांवर प्रत्येकी १४ कोटी २० लाख रुपये खर्च केले. दोघेही भारताकडून न खेळलेले, दोघांची मूळ किंमत ३० लाख. तोवर २० लाखांचा ऋतुराज चेन्नईचा कर्णधार झाला होता आणि त्याला संघात राखण्याची किंमत १८ कोटींवर गेली होती.

एकच संघ, एकाच प्रकारचे खेळाडू, पण किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. मग २०१८ मध्ये बाजार चुकला होता, की २०२५ मध्ये चुकतो आहे? आणि ‘स्वस्तात मिळालेला हिरा’ असं आपण म्हणतो, तेव्हा तो नेमका कुणासाठी स्वस्त असतो? थेरगावच्या अकादमीपासून गहुंजेच्या स्टेडियमपर्यंतच्या पट्ट्यात या प्रश्नांची बरीचशी उत्तरं सापडतात.

ऋतुराज तेव्हा अनोळखी होता का?

अजिबात नाही. अशा गोष्टी सांगताना ‘कुणाला माहीतच नसलेला मुलगा’ असं चित्र रंगवलं जातं. ऋतुराजच्या बाबतीत ते खरं नाही.

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, थेरगावला दिलीप वेंगसरकर यांची क्रिकेट अकादमी आहे. ऋतुराज शाळकरी वयात तिथे दाखल झाला. म्हणजे त्याच्या डोक्यावर ज्या अकादमीचं छत्र होतं, तिच्या प्रमुखांनी भारतीय निवड समितीचं अध्यक्षपदही भूषवलं होतं. २०१६ मध्ये त्याने महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण केलं. त्या सामन्यात बोटाला दुखापत झाली, पण त्याच हंगामात विजय हजारे करंडकात त्याने ४४४ धावा केल्या. जयपूरच्या लिलावाच्या वेळी तो भारताच्या उदयोन्मुख संघातही होता.

थोडक्यात, धावा कागदावर होत्या आणि निवड समितीच्या नजरेतही तो होता. लिलावाच्या यादीत त्याचं नाव आठही संघांच्या टेबलांवर होतं. माहिती सगळ्यांकडे सारखीच होती. तरीही किंमत वाढली नाही.

मग किंमत कुठे अडली?

पहिलं कारण लिलावाच्या रचनेत आहे. लिलावात खेळाडूची ‘लायकी’ ठरत नाही. त्या क्षणी किती संघांना त्या प्रकारच्या खेळाडूची गरज आहे आणि त्यांच्याकडे किती पैसे उरले आहेत, हे ठरतं. किंमत वर जायला किमान दोन इच्छुक लागतात. एकच असेल तर खेळाडू कितीही चांगला असो, तो मूळ किमतीवरच जातो. सलामीच्या फलंदाजाची जागा बहुतेक संघांत आधीच भरलेली असते. त्यामुळे तरुण सलामीवीराला दुसरा इच्छुक मिळणं अवघड जातं.

दुसरं कारण म्हणजे पुरावा कोणत्या खेळातला आहे. ऋतुराजची ओळख प्रामुख्याने एकदिवसीय क्रिकेटमधली होती. टी-ट्वेन्टीसाठी संघ शोधत असतात उंच फटके मारणारा, डावाच्या शेवटी सामना फिरवणारा फलंदाज. जमिनीलगत, फटक्यांच्या अचूक वेळेवर धावा करणारा खेळाडू त्या चौकटीत पटकन बसत नाही. त्याच्या धावा कमी नसतात. त्या फक्त दुसऱ्या रकान्यात नोंदलेल्या असतात.

तिसरं कारण दिसण्याचं. त्याच जयपूरच्या लिलावात तमिळनाडूचा फिरकीपटू वरुण चक्रवर्ती ८ कोटी ४० लाखांना गेला. त्याचीही मूळ किंमत २० लाखच होती. वरुणने त्याच वर्षी तमिळनाडू प्रीमियर लीग गाजवली होती. ती स्पर्धा टीव्हीवर दिसत होती, आयपीएलच्याच साच्यातली होती आणि संघांचे टेहळणी करणारे लोक तिथे बसलेले होते. महाराष्ट्रात त्या वेळी अशी स्पर्धा सुरू नव्हती. ऋतुराजच्या धावा बहुतांशी रिकाम्या मैदानांवर, सकाळच्या उन्हात, कॅमेऱ्याविना झाल्या.

पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. ८ कोटी ४० लाखांच्या वरुणला २०१९ च्या हंगामात पंजाबकडून एकच सामना मिळाला. पुढच्या लिलावात कोलकात्याने त्याला ४ कोटींत घेतलं. नंतर तो भारताचा प्रमुख फिरकीपटू झाला. म्हणजे एकाच दुपारी लागलेल्या दोन किमती, एक २० लाखांची आणि एक सव्वाआठ कोटींवरची. दोन्ही किमती त्या खेळाडूंच्या पुढच्या कारकिर्दीबद्दल फारसं काही सांगत नव्हत्या.

अमेरिकेतल्या ‘ड्राफ्ट’चा धडा

हा प्रश्न जगात सर्वांत जास्त तपासला गेला तो अमेरिकी फुटबॉलमध्ये. तिथे लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. महाविद्यालयांच्या संघांतून खेळलेली मुलं दरवर्षी व्यावसायिक लीगमध्ये येतात. ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये आळीपाळीने त्यांची निवड करतात. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला, त्याला पहिली निवड करण्याचा मान. जितका आधीचा क्रमांक, तितका मोठा करार. भारतात इंडियन सुपर लीगनेही २०१७ मध्ये मुंबईत देशी फुटबॉलपटूंचा असा ड्राफ्ट घेतला होता.

अमेरिकेतला प्रत्येक संघ या एका आठवड्यासाठी वर्षभर तयारी करतो. मुलांना पळवून, उड्या मारायला लावून, वजनं उचलायला लावून मोजलं जातं. तरीही २००० साली मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी सहाव्या फेरीपर्यंत थांबला. त्याच्याआधी १९८ खेळाडू निवडले गेले. पुढे त्याने सात वेळा सुपर बोल जिंकला. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला. दोन वर्षांत तो संघाला सुपर बोलच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

ही उदाहरणं अपवाद आहेत की नियम, हे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी तपासलं. थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन मुलांपैकी आधी निवडलेला मुलगा, त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या मुलापेक्षा चांगला निघण्याची शक्यता किती? उत्तर आलं, साधारण ५२ टक्के. म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित बरं.

त्यांचा निष्कर्ष असा नव्हता की टेहळणी निरुपयोगी आहे. पहिल्या फेरीतली मुलं सातव्या फेरीतल्या मुलांपेक्षा सरासरीने चांगलीच निघतात. पण संघांना आपल्या पारखण्यावर जितका विश्वास असतो, तितकी ती पारख अचूक नसते. त्यामुळे अगदी वरच्या निवडींसाठी संघ गरजेपेक्षा जास्त किंमत मोजतात आणि थोड्या खालच्या क्रमांकावर मिळणारी मुलं पैशांच्या हिशेबात अधिक फायद्याची ठरतात. कारण प्रत्येक संघाच्या एकूण खर्चावर मर्यादा असते. एक चांगला खेळाडू स्वस्तात मिळाला, की वाचलेल्या पैशांत दुसरा घेता येतो.

आयपीएललाही हीच मर्यादा लागू आहे. २०२५ च्या हंगामासाठी ती संघामागे १२० कोटी रुपये होती. एका तरुणावर १४ कोटी लावले, तर उरलेल्या जागांचं गणित आवळतं. त्यामुळे स्वस्त खेळाडू शोधणं हा विजेतेपद मिळवण्याचा एक मार्गच आहे.

सापडणं वेगळं, थांबणं वेगळं

ऋतुराजच्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग लिलावानंतरचा आहे. २०१९ च्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. २०२० ची स्पर्धा अमिरातीत झाली. सुरेश रैनाने माघार घेतल्याने वरच्या फळीत जागा रिकामी झाली होती, पण ऋतुराजला नेमका त्याच वेळी कोरोना झाला. २२ सप्टेंबरला पदार्पण झालं आणि तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. पुढच्या डावात ५ धावा. मग तो संघाबाहेर. महिन्याभराने परत संधी मिळाली, तेव्हा पुन्हा शून्य.

तीन डावांत पाच धावा. मधल्या काळात महेंद्रसिंग धोनीने तरुणांमध्ये पुरेशी चमक दिसली नाही अशा आशयाचं विधान केलं आणि त्यावर बरीच टीकाही झाली. त्या क्षणी हिशेब बंद केला असता, तर ‘२० लाखही जास्तच झाले’ असं म्हणता आलं असतं.

पण त्यानंतरच्या तीन डावांत त्याने नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ धावा केल्या. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये ६३५ धावा करून त्याने ऑरेंज कॅप मिळवली आणि चेन्नईने विजेतेपद.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली, तीन डाव हा फार लहान नमुना आहे. चाकणच्या कुठल्याही कारखान्यात गुणवत्ता तपासणारा माणूस तीन नग पाहून अख्खा लॉट पास किंवा नापास करणार नाही. त्याला ठरलेल्या संख्येचा नमुना लागतो. क्रिकेटमध्ये मात्र तीन डावांवर कारकिर्दी ठरतात.

दुसरी गोष्ट अशी की, ऋतुराजला ते शेवटचे तीन सामने मिळाले, कारण तोपर्यंत चेन्नई स्पर्धेतून जवळपास बाहेर गेली होती. गमावण्यासारखं फार उरलं नव्हतं. संघ बाद फेरीच्या शर्यतीत असता, तर अनुभवी खेळाडूलाच पसंती मिळाली असती, अशी शक्यता मोठी आहे. चेन्नईच्या संयमाला श्रेय द्यायलाच हवं, कारण दोन हंगाम त्यांनी त्याला सोडलं नाही. पण त्या संयमाला नशिबाची जोड होती. ज्या मुलांना असे तीन सामने मिळालेच नाहीत, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. ‘स्वस्त हिरे’ मोजताना ही न आठवणारी नावं हिशेबात धरली, तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

महाराष्ट्राचंच आणखी एक उदाहरण आहे. डावखुरा वेगवान गोलंदाज मुकेश चौधरीला चेन्नईने २०२२ मध्ये २० लाखांत घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने १३ सामन्यांत १६ बळी घेतले. दुखापतीमुळे २०२३ चा हंगाम मात्र त्याच्या हातून गेला. पारख बरोबर होती, पण शरीराने साथ दिली नाही. असा धोका कोणत्याही आकडेवारीत आधी दिसत नाही.

गहुंजेने काय बदललं?

पिंपरी-चिंचवडच्या हद्दीला लागून, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं स्टेडियम आहे. थेरगावहून ते फार लांब नाही. गेल्या काही वर्षांत या मैदानाने दाखवून दिलं की, मंच मिळाला की खेळाडूकडे पाहण्याची नजर बदलते.

मे २०२२ मध्ये महिलांची टी-ट्वेन्टी चॅलेंज स्पर्धा इथे झाली. तीत सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने ३४ चेंडूंत ६९ धावा फटकावल्या. किरण मुळात मैदानी खेळांतली. भालाफेक, धावणं यांत ती पुढे होती आणि पुण्यात शिकत असताना क्रिकेटकडे वळली. महाराष्ट्राकडे पुरेशी संधी दिसेना, म्हणून ती नागालँडकडून खेळायला गेली. तिथे एका टी-ट्वेन्टी सामन्यात तिने १६२ धावा केल्या. पण तो सामना फारच थोड्यांनी पाहिला होता. गहुंजेची खेळी देशाने पाहिली. त्यानंतर काही महिन्यांत ती भारतीय संघात होती.

तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात यूपी वॉरियर्सने तिला ३० लाखांत, म्हणजे मूळ किमतीतच घेतलं. त्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. स्मृतीची किंमत अर्थातच तिच्या कामगिरीची होती. पण उशिरा क्रिकेटकडे आलेल्या, दूरच्या राज्याकडून खेळलेल्या, ठरावीक वयोगटांच्या पायऱ्या न चढलेल्या खेळाडूचं मोल कसं करायचं, याची पट्टी संघांकडे तयार नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच किरणने महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक ठोकलं. महिलांच्या टी-ट्वेन्टीतलं ते सर्वांत वेगवान शतक ठरलं.

जून २०२३ मध्ये गहुंजेलाच महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पहिल्याच हंगामात सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीने ५४ चेंडूंत ११७ धावा काढल्या, त्यात १३ षटकार होते. समोर ऋतुराजचा पुणेरी बाप्पा संघ होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लखनऊने अर्शीनला २० लाखांत घेतलं. म्हणजे लीगने त्याच्यासाठी दार उघडलं, पण किंमत मूळ आकड्यावरच राहिली. २०२५ मध्ये महिलांसाठीही अशीच राज्य लीग सुरू झाली.

अबू धाबीत १४ कोटी २० लाखांना गेलेला प्रशांत वीर उत्तर प्रदेशच्या राज्य लीगमध्ये चमकला होता. २०१८ आणि २०२५ मधला सर्वांत मोठा फरक हाच आहे. आता अनेक राज्यांत अशी लीग आहे आणि तिचं चित्रण उपलब्ध आहे. जे पूर्वी एकाच संघाच्या माणसाला दिसायचं, ते आता दहाही संघांना दिसतं. दहा जणांना एकच मुलगा आवडला, की तो स्वस्त राहत नाही. उलट भाव फुगतो, कारण लिलाव जिंकतो तो बहुतेक वेळा सर्वांत आशावादी अंदाज बांधणारा संघ.

म्हणजे बाजार आता शहाणा झाला?

पूर्णपणे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला मोठा लिलाव झाला. त्यासाठी १,५७४ खेळाडूंनी नोंदणी केली होती, विकले गेले १८२. विरारच्या आयुष म्हात्रेवर कुणी बोली लावली नाही. विशेष म्हणजे महिनाभर आधीच त्याने मुंबईकडून रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या होत्या. मुंबईसारखा प्रकाशझोतातला संघ, तरीही खरेदीदार नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराजच्या कोपराला दुखापत झाली. त्याच्या जागी चेन्नईने आयुषला ३० लाखांत बोलावलं. १७ वर्षांच्या आयुषने पहिल्याच सामन्यात वानखेडेवर १५ चेंडूंत ३२ धावा केल्या आणि पुढे बंगळूरुविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. जो मुलगा पाच महिन्यांपूर्वी कुणालाच नको होता, तो त्या फसलेल्या हंगामात चेन्नईच्या हाती लागलेली मोठी जमेची बाजू ठरला.

ऋतुराज आणि आयुष यांच्यात एक साम्य आहे. दोघांच्या धावा आधीच झालेल्या होत्या. लपलेल्या नव्हत्या. फरक पडला तो एखाद्या संघाने ‘हा आत्ता आपल्या गरजेत बसतो का’ या प्रश्नाऐवजी ‘हा दोन वर्षांनी काय होईल’ हा प्रश्न विचारल्याने.

कबड्डीने काढलेली दुसरी वाट

पिंपरी-चिंचवडच्या शेजारी, बालेवाडीला घरचं मैदान असलेल्या पुणेरी पलटणने हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. प्रो कबड्डीत लिलावाखेरीज ‘न्यू यंग प्लेयर’ नावाची सोय आहे. त्यातून संघांना नव्या मुलांना बोलीविना, ठरावीक मानधनावर थेट करारबद्ध करता येतं. आठव्या हंगामात पुणेरी पलटणने अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारला आणि हरियाणाच्या मोहित गोयतला याच वाटेने आणलं आणि खेळवत ठेवलं.

नवव्या हंगामात संघ अंतिम फेरीत जयपूरकडून ३३-२९ असा हरला. दहाव्या हंगामाआधी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

यातलं गणित सरळ आहे. आधीच घडवलेल्या स्वस्त तरुणांमुळे तिजोरीत पैसे शिल्लक राहिले, म्हणून एका महागड्या खेळाडूवर ते लावता आले. लिलावाच्या दिवशी हुशारी दाखवण्यापेक्षा त्याआधीची तीन वर्षं मुलांवर घालवणं पलटणला जास्त फळलं.

स्वस्त नेमकं कुणासाठी?

आतापर्यंतची चर्चा संघाच्या बाजूने झाली. पण प्रत्येक ‘स्वस्त खरेदी’ला दुसरी बाजू असते. संघाचा जो फायदा, तो खेळाडूला न मिळालेला मोबदला असतो.

लिलावातली किंमत ही दर हंगामाची असते आणि संघाने खेळाडू सोडला नाही, तर पुढच्या मोठ्या लिलावापर्यंत करार त्याच पायावर चालू राहतो. ऋतुराजची ऑरेंज कॅप २० लाखांच्या बोलीतून सुरू झालेल्या करारातच आली. २०२२ च्या आधी चेन्नईने त्याला ६ कोटींना राखलं, तेव्हा कुठे त्याची किंमत त्याच्या कामगिरीच्या जवळ आली. त्याचं भलं झालं, कारण तो तंदुरुस्त राहिला आणि संधी मिळत गेली. एखाद्या वेगवान गोलंदाजाची कंबर त्या मधल्या काळात गेली, तर त्याच्या सर्वोत्तम हंगामाचा मोबदला त्याला कधीच मिळत नाही.

अमेरिकेतल्या ड्राफ्टमध्ये यावर निदान उघड चर्चा होते. तिथे खेळाडूंची संघटना आहे, ती नव्या खेळाडूंच्या करारांबाबत लीगशी वाटाघाट करते. आयपीएलमधल्या भारतीय खेळाडूंच्या वतीने अशी सामूहिक वाटाघाट होत नाही. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूची मूळ किंमत २०२५ च्या हंगामापासून २० वरून ३० लाख झाली, एवढाच त्यांच्या हमीतला फरक.

औद्योगिक पट्ट्यातल्या घरांसाठी याचा अर्थ काय?

निगडी, भोसरी, चाकण, तळेगावातली अनेक कुटुंबं मुलांना अकादम्यांत घालतात. सकाळची पाळी संपवून बाबा मुलाला नेटवर नेतात, शनिवार-रविवार सामन्यांत जातात. ऋतुराज याच भागातला असल्यामुळे स्वप्न अगदी शेजारचं वाटतं. म्हणून आकडे नीट पाहायला हवेत.

आयपीएलच्या दहा संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू असतात, त्यांत आठ परदेशी असू शकतात. सगळ्या जागा भरल्या, तर भारतीयांसाठी उरतात साधारण १७०. रणजी करंडकात ३८ संघ खेळतात. म्हणजे राज्याच्या संघात पोहोचलेल्या मुलांपैकीही बहुतेकांना आयपीएलची जागा मिळत नाही. ज्यांना मिळते, त्यांच्यातले अनेक जण हंगामभर बाकावर बसतात. ‘लिलावात नाव आलं’ आणि ‘आयुष्य मार्गी लागलं’ यांच्यात मोठं अंतर आहे.

दुसरीकडे निराश होण्याचंही कारण नाही. लिलावात नाव न येणं म्हणजे गुणवत्तेवर लागलेला शिक्का नव्हे, हे आयुषच्या पाच महिन्यांनी दाखवलं. मुलाची पहिली किंमत किती लागली यापेक्षा त्याला पुढे सलग किती सामने मिळणार, कोणत्या स्पर्धेत खेळ दिसणार आणि शिक्षण सोबत चालू राहणार का, हे प्रश्न पालकांसाठी जास्त महत्त्वाचे आहेत.

पुढे काय पाहायचं?

आयपीएलमधल्या करारांचं सध्याचं चक्र २०२७ च्या हंगामापर्यंत आहे. त्यानंतर मोठा लिलाव अपेक्षित आहे. तोवर गहुंजेला होणाऱ्या प्रत्येक राज्य लीगमध्ये दहा संघांचे लोक वही उघडून बसलेले असतील. सगळ्यांनी एकच चित्रण पाहिलं, एकच आकडे चाळले, तर त्यातून स्वस्त काही हाती लागणं कठीण होत जाईल.

फायदा मग तिथे उरेल, जिथे कॅमेरा अजून पोहोचलेला नाही. उशिरा खेळाकडे वळलेल्या मुली, जिल्हा संघांतली मुलं, एका दुखापतीमुळे मागे पडलेले गोलंदाज आणि एकदिवसीय सामन्यांत शांतपणे धावा करणारे सलामीवीर. त्यांना शोधणाऱ्या संघाला ते स्वस्तात मिळतीलही. पण तीन डावांत पाच धावा झाल्यावर त्यांना चौथा डाव द्यायची तयारी त्या संघाकडे आहे का, यावरच ती खरेदी स्वस्त ठरली की वाया गेली, ते ठरेल.